नाही म्हणायचा तास

विजू, प्रिन्सिपॉलांनी तुझा तास माझ्या गळ्यात मारलाय.

"तुमच्याशिवाय कोण घेणार, नलिनीताई?" असं म्हणाले आणि रविवारच्या वर्गाचं वेळापत्रक पुढे सरकवलं. त्यात तुझ्या नावावर रेघ मारून खाली माझं नाव घातलं होतं. रेघ अगदी पट्टी लावून मारलेली. मला असा संताप आला की "बघते" एवढंच म्हणून मी बाहेर पडले. तू गेलीस मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे कॉलेजला तुझ्या जागी बदलीचं माणूससुद्धा शोधावं लागलं नाही. तुझं सगळंच असं, कोणाला त्रास नको. सकाळी दूध तापत ठेवलंस आणि ठाकुर्लीच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये ओट्यापाशीच कोसळलीस. डॉक्टर जिना चढेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. त्याचं मी आता काय करायचं, ते सांग.

लोक मला म्हणतात, इतक्या वर्षांची मैत्रीण गेली, रडून मोकळ्या व्हा. रडलेय मी, चांगली भरपूर रडलेय. पण रडायला एकटं माणूस पुरतं, भांडायला दोन लागतात. म्हणून हे लिहितेय. तुला उत्तर देता येणार नाही, हे माझ्या सोयीचंच आहे म्हणा. एरवी तू मला वाक्य कधी पुरं करू दिलंस?

हा वर्ग काढायचं तू पहिल्यांदा बोललीस तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. तू केमिस्ट्रीची, मी बॉटनीची, आणि काढायचा काय, तर पर्यावरणाच्या नोकऱ्यांसाठी मुलं तयार करायचा वर्ग. दर रविवारी सकाळी, वर्षभर. गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे झाडं लावायची नोकरी का हो मॅडम?" तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, "झाडं हिची. माझी गटारं." त्यानंतर त्यांनी तुझी खोडी काढली नाही.

तुझा हिशोब सरळ होता. कायदे नवे झाले होते, कारखान्यांना सांडपाणी तपासायला शिकलेली माणसं ठेवावी लागणार होती. एमआयडीसी आपल्या उशाशी. नाला एका दिवशी जांभळा, दुसऱ्या दिवशी हिरवा वाहायचा, आणि आपण खिडक्या लावून घ्यायचो. "बाहेर उभं राहून किती ओरडणार, नले? आपलीच पोरं शिकून आत गेली पाहिजेत. नळ आत आहे. तो बाहेरून बंद होत नाही." मी म्हणायचे, आत गेलेला माणूस आतलाच होतो. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? मोर्चा काढा, पेपरात लिहा, साहेबांना घेराव घाला. तू म्हणायचीस, "तू घाल घेराव. मी तोवर चार पोरांना पाणी तपासायला शिकवते." हे भांडण आपण किती वर्षं केलं असेल! कँटीनच्या पोह्यांवर केलं, पेपर तपासताना केलं, तुझ्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात धरून केलं. त्या भांडणात मजा होती. शेवटचं भांडण तसलं नव्हतं.

सुरुवातीला मुलं तरी कुठे होती? बीएस्सी होऊन बँकेच्या परीक्षा देऊन कंटाळलेली ती पोरं. एका मुलीची आई मला येऊन विचारून गेली, "मॅडम, पर्यावरणात पेन्शन असते का?" मी तिला तुझ्याकडे पाठवलं. तू तिच्याशी काय बोललीस देव जाणे, पण मुलगी आली. नमुने घ्यायला बाटल्या नव्हत्या, तर तू मुलांना म्हणालीस, घरून आणा, स्वच्छ धुऊन. आणि उल्हास नदीच्या पाण्यात इतकं तेल निघालं की तू उडालीसच. कोणत्या कंपनीने सोडलं, कधी सोडलं, तू पेपरला पत्र लिहायला बसली होतीस. मी ती बाटली सहज नाकाला लावली, तर खोबरेल. पोराने आजीची तेलाची बाटली विसळून आणली होती. तू आधी कपाळाला हात लावलास, मग म्हणालीस, "अगं बाई, नदी न्हायला निघाली होती वाटतं." वर्गात हसण्याचा असा कल्लोळ झाला की शिपाई बघायला आला. तो मुलगा पुढे चांगला केमिस्ट झाला. अजून लोक त्याला खोबरेलच म्हणतात.

आणि कोपरीची सहल. माझं माहेर कोपरीचं, ठाण्याच्या खाडीला लागून. मुलांना तिवरांची झाडं दाखवायला मी घेऊन गेले, तर तू हट्टाने बरोबर. चिखलात पाय घालू नकोस म्हणून बजावलं होतं. तू घातलास, आणि खाडीने तुझी चप्पल गिळली. एक चप्पल हातात घेऊन तू माझ्या माहेरी आलीस आणि वहिनीच्या स्लिपर घालून घरी गेलीस. त्या स्लिपर तू कधी परत केल्या नाहीस. वहिनी परवा तुझं कळल्यावर रडता रडता तेच म्हणाली. "त्यांना छान बसल्या होत्या गं," म्हणाली.

आता त्या तासाकडे येते. कितीही टाळलं तरी यायचंच आहे.

पहिल्या बॅचचा एक मुलगा नोकरीला लागल्यावर एका रविवारी आला आणि खाली मान घालून बसला. "मॅडम, टेस्ट सगळ्या येतात. पण साहेब म्हणाले, रिपोर्टातला आकडा जरा खाली आण. माझा घसाच सुकला. करून टाकली सही." मी त्याला झाडायला तोंड उघडलं होतं, तू माझ्या हातावर हात ठेवलास. तो गेल्यावर म्हणालीस, "चूक त्याची नाही. आपण त्याला लॅबमध्ये ब्युरेट धरायला वर्षभर शिकवलं. नाही म्हणायला एक दिवस तरी शिकवलं का? हातसुद्धा सवयीनेच बसतो, नले. जीभ पण तशीच बसेल."

झालं. पुढच्या रविवारपासून शेवटचा तास नाही म्हणायचा. टेबलामागे तू, फॅक्टरीचा मॅनेजर. गळ्यात तुझ्या नवऱ्याचा टाय, साडीवर. मुलांनी एकेक करून पुढे यायचं. तू खोटा रिपोर्ट पुढे टाकायचीस आणि ओरडायचीस, "साइन करो. नौकरी करनी है कि नहीं?" मुलांनी फक्त एवढंच म्हणायचं की आलेला आकडा हाच आहे आणि मी हाच लिहिणार. वाद घालायचा नाही, भाषण द्यायचं नाही. आणि 'सॉरी सर' म्हणायला सक्त बंदी. जो सॉरी म्हणेल त्याने त्या दिवशीची सगळी काचेची भांडी घासायची. तू काय ओरडायचीस! टेबलावर डस्टर आपटायचीस, "तुझ्यासारखे छप्पन येतील" म्हणायचीस. पोरं आधी हसायची, मग चाचरायची, मग हळूहळू सरळ उभी राहायला लागायची. भीड भिकेची बहीण, हे तू फळ्यावर लिहून ठेवलं होतंस आणि कोणाला पुसू द्यायची नाहीस. मी भांडकुदळ बाई, पण खरं सांगते, तो तास बघायला मी हातचं काम टाकून यायचे. एरवी या देशात नाही म्हणायला कोण कोणाला शिकवतं?

त्या वर्गात कल्पना नावाची मुलगी आली. एमआयडीसीला लागून असलेल्या गावातली, आगऱ्यांची पोर. त्यांची भातशेती कारखान्यांखाली गेली होती, आणि त्या बदल्यात तिचा भाऊ एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. कल्पना वर्गात हसायची नाही. तिची पाळी आली की इतक्या बारीक आवाजात "नाही सर" म्हणायची की मागच्या बाकावर ऐकू यायचं नाही. तू तिच्यावर चौपट ओरडायचीस. तिचा आवाज वाढायचा नाही आणि उत्तरही बदलायचं नाही. तू मला म्हणालीस, "ही टिकेल बघ." तूच तिला त्या भावाच्या कारखान्यात लावलंस, सांडपाण्याच्या प्लँटवर. घरापासून चालत जायला जवळ म्हणून तिच्या आईने तुला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दिवाळीनंतर बातमी आली. प्लँट बिघडलेला, पाणी तसंच नाल्यात जातंय, आणि वर पाठवायच्या रिपोर्टवर कल्पनाने सही करायला नकार दिला. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या दिवशी तू वर्गाला पेढे वाटलेस. "आमची मुलगी नाही म्हणाली" असं म्हणून वाटलेस. मीसुद्धा दोन खाल्ले. नोकरी गेलेल्या मुलीचे पेढे आपण खाल्ले, विजू, हे आपल्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

मग तिच्या भावालाही घरी बसवलं.

तिचे वडील कॉलेजात आले ते आठवतंय? पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, लॅबच्या दारातच उभे. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. तुझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पोरीनं खोटं नाय लिवलं, ते बरूबर केलं. आमी तिला कायबी बोल्लो नाय. पन तिचा भाव घरी बसलाय. सुनेनं पोरीशी बोलनं टाकलंय, येका घरात राहून. यो धडा तुमीच शिकवला ना? मंग आता तुमीच चला कंपनीत आन बोला." आवाजात राग होता आणि तो त्यांनी कसाबसा आवरून धरला होता. मी त्यांना युनियन, लेबर कोर्ट असलं काहीबाही सांगायला लागले. तू मध्येच म्हणालीस, "येते. सोमवारी जाते."

सोमवारी तू एकटी गेलीस. मला बरोबर नेलं नाहीस, आणि का नेलं नाहीस ते मला कळतं.

मंगळवारी स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं तेव्हा तू सांगितलंस. लपवलं नाहीस, याबद्दल मी तुला आजही मानते. म्हणालीस, "नले, तो मॅनेजर ओरडलाच नाही. मी आपली ओरडण्याची वाट बघत बसले. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची ओढून दिली, चहा मागवला. म्हणाला, कल्पना मला मुलीसारखी. वरून दबाव होता, माझाही नाइलाज झाला. भावाला परत घेतो, उद्यापासून येऊ दे. फक्त विषय इथेच मिटवू या. आणि मॅडम, तुमच्याच वर्गाचा दुसरा कोणी द्या, मुलं हुशार असतात तुमची. जरा समजूतदार द्या." मी विचारलं, मग? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मी प्रशांतचं नाव दिलं."

प्रशांत. जो आपल्या तासात दर वेळी हसत हसत सॉरी सर म्हणायचा आणि भांडी घासायचा.

मी काय बोलले ते मी इथे परत लिहीत नाही. तुला पाठ असेल. "तू पोरगं विकलंस" असं म्हणाले, हे लिहिते, कारण ते मला अजूनही खोटं वाटत नाही. तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "म्हण हवं तर. एका घरात चूल पेटली एवढं मला दिसलं. आता तो तास बंद कर, वेळापत्रकातून काढून टाक. एकदा मान डोलावली की माणूस संपला, असं आपणच मुलांना सांगतो ना? मग मी संपले. ज्या तोंडाने हे केलं त्या तोंडाने मी टाय घालून उभी राहू?"

मी म्हटलं, मग मी घेते तो तास.

"तू घेशील," तू म्हणालीस, "आणि मुलांना भांडायला शिकवशील. तुझं काय, तुझी पर्मनंट नोकरी. ती मुलं नाही म्हणाल्यावर त्यांच्या मागे कोण उभं राहणार आहे, तू?"

मी घड्याळ बघितलं, तास आहे म्हटलं आणि निघाले. त्यानंतर आपण बोललोच नाही असं नाही. परीक्षा होत्या, सुपरव्हिजन होतं, लॅबची किल्ली कोणाकडे, हे सगळं बोललो. सुट्टी लागायच्या दिवशी गेटपाशी तू म्हणालीस, "जूनला बघू त्या तासाचं." मी म्हटलं, बघू. हे आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या भांडणाचा शेवट हा असा, बघू म्हणून.

तुझ्या तेराव्याला ठाकुर्लीला खूप माणसं आली. वर्गाची मुलं तर किती, कोण कुठल्या कंपनीतून, कोण म्युनिसिपालिटीतून, एक जण थेट गुजरातहून. तुझा नवरा प्रत्येकाला विचारत होता, जेवलास का, आणि उत्तर न ऐकताच पुढच्याकडे वळत होता. प्रशांतही आला होता. फोटोला हात जोडले, माझ्याकडे न बघता बाहेर पडला. त्याच्या बाहीवर निळा डाग होता, धुऊन न जाणारा. त्याच्यावर चिडायची मी तयारी करून ठेवली होती, पण तो डाग बघून माझं अवसानच गेलं. तोही पोरगाच आहे. त्याला आपण तिथे धाडला, तो धडा गिरवून न घेता.

सगळे पांगल्यावर कल्पना येऊन माझ्याशेजारी बसली. ती आता कल्याणला एका क्लासमध्ये शिकवते. म्हणाली, "मॅडमनी दादाला परत लावला ते मला माहितेय. बाबांनी सांगितलं."

"राग नाही आला तुला?"

"आलेला ना. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, दादाला घ्या. पण विचारलं नाही, त्याचा आलेला. मग एक दिवस वहिनीने मला हाक मारून जेवायला वाढलं. तेव्हा बरं वाटलं. म्हणजे राग पण होता आणि बरं पण वाटत होतं. आता काय बोलणार, त्याच नाहीत."

मी तिला म्हटलं, तो तास आता माझ्यावर आलाय. घ्यावा की बंद करावा मला कळत नाही. घेतला तर चुकीचं शिकवेन, नाही घेतला तर पोरं नुसती ब्युरेट धरायला शिकून आत जातील. तू येतेस? मॅनेजर हो. तो कसा बोलतो ते तुला माहीत आहे, मला नाही. ती म्हणाली, मला नाही जमणार मॅडम. आणि खाली उतरताना जिन्यातून वर बघून म्हणाली, येते.

गेल्या रविवारी आली. नवीन बॅच, कोरी पोरं. मी त्यांना आधीच सांगितलं, मी विजया मॅडम नाही, मला त्यांच्याइतकं येत नाही. एका मुलाने विचारलं, "मॅडम, नाही म्हटल्यावर जॉब गेला तर?" तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा मी क्षणभर विचार केला. मग म्हटलं, जाऊ शकतो. आणि माझ्या पदरात दुसरा नाही तुला द्यायला. वर्गाची जुनी मुलं ज्या कारखान्यांत आहेत, जिथे ओळख आहे, तिथे मी शब्द टाकेन, दारोदार फिरेन, एवढं नक्की. याहून जास्त मला तुला सांगता येणार नाही. पोरगा खाली बसला. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे आजही एवढंच उत्तर आहे, विजू. तोकडं आहे, पण आता निदान तोंडातून निघतं.

मग कल्पना टेबलामागे बसली. टाय नाही, डस्टर नाही. पहिला मुलगा छाती काढून आला, ओरडा खायच्या तयारीने. ती उठून उभी राहिली. त्याच त्या बारीक आवाजात म्हणाली, "अरे ये ना, बैस. जेवलास का? बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं ना, कसे आहेत? रजा पाहिजे तर घे हं, मला सांगायचं फक्त." मुलगा गोंधळून बसला. तिने कागद पुढे केला. "हे जरा बघ. टाकी दुरुस्त होतेय, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला मी बोललोही नसतो." पेन त्याच्या बाजूला फिरवून ठेवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि सही केली.

मागून एक मुलगी आली, ठाम. "नाही सर," म्हणाली. कल्पनाने कागद लगेच मागे घेतला. "बरं, राहू दे. तुला नको वाटतं तर नको. मी वर सांगतो, माझंच चुकलं, मीच तुला नीट समजावलं नाही. मला बोलतील, बोलू देत." मुलगी म्हणाली, "नाही नाही सर, तुमचं काय चुकलं," आणि तिने स्वतःच कागद ओढून घेतला.

एकूण एक पोराने सही केली, विजू. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. इतकी वर्षं आपण शिकवलं ते काय? आपण दोघी मास्तरणी. आपला साहेब म्हणजे प्रिन्सिपॉल, आणि प्रिन्सिपॉल म्हणजे आरडाओरडा. भीती म्हणजे मोठा आवाज, एवढंच आपल्याला माहीत, म्हणून आपण पोरांना मोठ्या आवाजाविरुद्ध उभं राहायला शिकवलं. त्यांच्याशी कोणी प्रेमाने बोलेल, असं आपल्या मनातही आलं नाही. त्या केबिनमध्ये तू मान डोलावलीस तेव्हा तूही याच पोरांसारखी होतीस. तुला तरी कोणी शिकवलं होतं?

त्या ठाम मुलीचे डोळे भरलेले. तिने कल्पनाला विचारलं, "मॅडम, मग तुम्ही कशा नाही म्हणालात?"

कल्पना माझ्याकडे बघून, पण तिला म्हणाली, "मी पण केलेल्या ना सह्या. पूर्ण पावसाळाभर करत होते."

मी बाकावरून उठलेच.

"विजया मॅडमना वाटलं मी पहिल्याच वेळी नाही म्हटलं. त्यांनी पेढे वाटलेले, मग मला सांगता येईना. सांगणार होते. राहून गेलं." मग पोरांकडे वळून ती सरळ बोलली. "दिवाळीनंतर मला ते सहन होईना. मी गेले, म्हटलं सर, आजपासून नाही. ते प्रेमानेच म्हणाले, मग आधीच्या सह्यांचं काय करायचं बेटा? मी म्हटलं, त्या चुकल्या. आजची नाही करणार."

विजू, ही पोर तुला हे सांगायला घाबरत होती आणि तू तिला तुझं सांगायला लाजत होतीस. दोघींच्या हातून एकच झालं होतं. तिने ते झाल्यावर नाही म्हटलं. तू ते झाल्यावर तो तासच बंद करायला निघालीस, स्वतःला संपलेली ठरवलंस. आणि मी, इतकी तोंडाळ बाई, तुला विकलंस म्हणाले, पण उठ, पुन्हा उभी राहा, हे म्हणाले नाही. सही झाल्यावरही नाही म्हणता येतं, हे मला माहीतच नव्हतं. आपण तिघींनी एकदा एकत्र बसून चहा प्यायला असता, तरी ते कळलं असतं.

मी फळ्यापाशी गेले. पोरांना म्हटलं, सह्या झाल्यात ना सगळ्यांच्या? आता यानंतर नाही म्हणायचंय. खरा तास आता सुरू होतोय. कोण येतंय पुढे?

पोरं एकमेकांकडे बघत बाकांवरच बसली. तू त्या वर्गात असतीस तर पहिली तू उठली असतीस, एवढं मला नक्की माहीत आहे.